सील फोडलेली डिस्क

हे लिहिणारच नव्हतो. मी आन माझा दोस्त जयराज, आमी दोघांनी मिळून घेतलेली गेमची डिस्क त्यानं आधी घरी नेली. मला दिली तवा सील फोडलेलं, आणि माझ्याकडं ती चालंना. वाटलं, यानंच खेळून वाट लावली. परत द्यायला दोघं गाडीवरनं सांगलीला गेलो. दुकानदार डोळे बारीक करून म्हणाला, "कॉपी मारून झाली, आता पैसे पायजेत व्हय?" जयराजनं मान खाली घातली, माझा संशय पक्का झाला. दुकानदारानं डिस्क उजेडात धरली. मागच्या बाजूला लाल बोट उमटलेलं. "कुंकू हाय. नवी वस्तू आई पुजल्याबिगर वापरू देत न्हाई," जयराज पुटपुटला. "तू हसशील म्हणून दडवलं." दुकानदारानं पुसून लावली, गेम सुरू झाली. बाहेर जयराज म्हणाला, "कुंकवानं अडली हे आईला सांगू नगं रं, अपशकुन समजंल." "काकूंनी पुजली म्हणूनच चालली, असंच सांगीन गड्या."