पथारीवरचा चेंडू

रिक्षा पुरती थांबायच्या आत इचरजबाई खाली उतरल्या. मिरची वाळवायच्या पथारीच्या फाटकाशी सुनेची लाल स्कूटी उभी होती.

“भाभी, आठे आते कोनीच नही शे,” रेवजी रिक्षावाला म्हणाला. “मिरची ते कवयच उठी गई.”

आता इथे कुणी नसतं, मिरची कधीच उचलली गेली, ते इचरजबाईंना ठाऊक होतं. पथारी त्यांच्याच घरची. हिवाळाभर इथे मिरची वाळत पडते. उन्हाळ्यात नुसती मोकळी जमीन, आणि कोपऱ्यात कठडा नसलेली विहीर. त्या विहिरीपायीच त्या नंदुरबारच्या भर बाजारातून, दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला घालून, इथवर आल्या होत्या. चांदनी रोज सकाळी देरासरात, जैन मंदिरात, जाते म्हणून सांगायची. आज पुजाऱ्याने सहज विचारलं होतं, “सूनबाई हल्ली दिसत नाहीत?” ते ऐकताच त्यांना ही विहीर आठवली होती.

हिवाळ्यात चांदनी दवाखान्यातून रिकाम्या ओटीने परत आली, तेव्हापासून घरात ती पाहुण्यासारखी वावरायची. विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणायची. तिच्याशी बोलायचं म्हणून इचरजबाईंनी कितीदा तोंड उघडलं होतं, आणि कितीदा मिटलं होतं.

त्या धावत विहिरीपाशी गेल्या. वाकून पाहिलं. खाली हिरवट पाणी, त्यात आभाळाचा तुकडा. पाणी हललेलं नव्हतं.

तेवढ्यात शेडमागून आवाज आला. ठक्.

त्या भिंत धरत धरत शेडच्या पलीकडे गेल्या. चांदनी तिथे उभी होती. ओढणी कमरेला गुंडाळलेली, हातात गोल्फची काठी. पायांपुढे जमिनीवर दोन रॉड समांतर ठेवलेले, बैठकीच्या पडद्यांचे. काखेत स्वयंपाकघरातला नॅपकिन दाबून धरलेला. चेंडूच्या पलीकडे, जरासा मागे, दुकानाच्या गादीवरचा छोटा लोड उभा केलेला. तिचे सासरे गौतमचंद हाच लोड सगळीकडे शोधत होते.

काठी फिरली. लोड आडवा झाला. चेंडू सरळ निघाला आणि मध्येच उजवीकडे वळून बाभळीत घुसला.

“परत तेच,” चांदनी स्वतःशी पुटपुटली. ती वळली आणि तिला सासू दिसली. काखेतला नॅपकिन गळून पडला.

“मम्मीजी...”

इचरजबाई मिरचीच्या रिकाम्या पोत्यांवर मटकन बसल्या.

“मी सांगणार होते,” चांदनी घाईघाईने म्हणाली. “अहमदाबादला कॉलेजात खेळायचे मी. माझी बॅग माळ्यावर होती, ती काढली. लोड आज जागेवर ठेवते.”

“लोडाचं राहू दे. अंगाला झेपतं का तुझ्या हे?”

“डॉक्टर म्हणाले, आता हरकत नाही.” ती थोडा वेळ काठीच्या टोकाने माती उकरत राहिली. “तेव्हापासून अंगच माझं ऐकत नाही, मम्मीजी. म्हटलं, एवढं तरी ऐकावं.”

इचरजबाईंनी पदराने तोंड पुसलं. डोळेही पुसून घेतले. मग आडव्या पडलेल्या लोडाकडे बोट दाखवलं.

“हा कशाला उभा करतेस?”

“माझी काठी बाहेरून आत येते. म्हणून चेंडू उजवीकडे पळतो. वाट चुकली की ती लोडाला लागते. बरोबर आतून आली तर लोड जागचा हलत नाही.”

“आणि नॅपकिन?”

“हात अंगापासून सुटला की पडतो.”

इचरजबाई उठल्या. लोड उचलून त्यांनी त्याची धूळ झटकली आणि होता तिथे उभा केला. नॅपकिन चांदनीच्या काखेत स्वतःच्या हाताने खोवला. सुनेचं अंग घामाने ओलं होतं, गरम होतं. त्यांचा हात तिच्या खांद्यावर क्षणभर राहिला.

“मार. मी बघते.”

“त्या भिंतीपाशी उभ्या राहा. माझ्या मागे.”

लोड पडला. इचरजबाईंनी येऊन उभा केला. पुन्हा पडला, पुन्हा उभा केला. मग एकदा लोड टिकला, पण नॅपकिन पडला. चांदनीने काठी आपटली. इचरजबाई पुढे आल्या. नॅपकिन झटकून पुन्हा खोवला आणि भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ऊन चढायला लागलं होतं. कुणालाच त्याचं भान नव्हतं.

मग चांदनीने डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला, डोळे उघडले आणि काठी मागे नेली.

या वेळी आवाज वेगळाच झाला. स्वच्छ, हलका. लोड उभा होता. नॅपकिन काखेत होता. चेंडू वर चढला, वळलाच नाही, आणि लांबवर पथारीच्या टोकाला मऊ मातीत उतरला.

“सरय गया, भाभी!” फाटकाशी अजून थांबलेला रेवजी ओरडला.

चांदनी हसायला लागली. हसता हसता काठीवर कपाळ टेकून रडायला लागली. इचरजबाईंनी तिला जवळ ओढलं. दवाखान्यातून आल्यानंतर ती पहिल्यांदाच कुणाच्या तरी पुढ्यात रडत होती. इचरजबाईंनी तिला मन भरेपर्यंत रडू दिलं.

इचरजबाईंच्या कमरेला खोवलेला फोन वाजला. मुलगा, रिषभ.

“मम्मी, कुठे आहेस तू? पुजारी म्हणाले, धावत निघून गेलीस. चांदनीही फोन उचलत नाहीये. काय झालंय?”

“काही झालेलं नाही. पथारीवर आहोत आम्ही. दोघी.”

“पथारीवर? आत्ता? तिथे काय आहे?”

इचरजबाईंनी चांदनीकडे पाहिलं. ओढणीने नाक पुसून ती पुढचा चेंडू मातीवर ठेवत होती.

“चहा तुम्ही आपापला करून घ्या,” इचरजबाई म्हणाल्या. “आम्हाला वेळ आहे अजून.”