फुंकायची पेटी

टेबलावर सहा वर्षांच्या कोहारूच्या मेंदूची दोन चित्रं होती. सीटीच्या चित्रात डाव्या बाजूचा राखीव रक्तपुरवठा शिल्लक दिसत होता, एमआरआयमध्ये संपलेला. डॉक्टर मुराओका म्हणाले, “औषध टोचून तिसरं काढू. डावीकडचा रक्तप्रवाह दहा टक्केही वाढला नाही, तर कवटी उघडावी लागेल.” शिझुएने लेकीची फुंकून वाजवायची पेटी छातीशी धरली. फुंकताना कोहारूचा उजवा हात लुळा पडायचा, तेव्हा आईच ओरडायची, “आळशी कुठली! जोरात फुंक!” सुई दिसताच कोहारूचे ओठ थरथरले. रडून श्वास फुलला तरी, पेटी फुंकताना व्हायचं तसंच, मेंदूला रक्त कमी पडलं असतं. “रडू नकोस गं, मला शिव्या दे!” शिझुएने विनवलं. “उकडलेला ऑक्टोपस!” “एवढंच?” “टकला उकडलेला ऑक्टोपस!” कोहारू हसली आणि सुई शिरली. अर्ध्या तासाने तिसरं चित्र आलं. उजवीकडे वाढ एकतीस टक्के, डावीकडे उणे चार.