मुलाखत घेणार कोण?

"अगं, हॉस्पिटलच्या ऑफिसात विचार ना, मुलाखत कोण घेणारेय ते! सगळे विचारतात, कुणी खात नाही तुला," जोलीन खोलीतल्या मैत्रिणीवर वैतागली.

मार्नी ऐकेना. रेसिडेन्सीची, म्हणजे डॉक्टरकीच्या पुढच्या प्रशिक्षणाची जागा मागायला जायचं आणि आधीच नावांची चौकशी करायची, हा तिला आगाऊपणा वाटत होता.

मुलाखतीच्या दिवशी अमेरिकेतल्या टल्साच्या त्या हॉस्पिटलात पांढऱ्या केसांचे डॉक्टर रस्क आत आले आणि तिचा अर्ज हातात धरून उभेच राहिले.

"तुम्ही निबंधात लिहिलंय, वडील गेल्याचं एका डॉक्टरनं दारातूनच सांगितलं, दाराच्या मुठीवरचा हातसुद्धा न काढता. म्हणून तुम्ही डॉक्टर व्हायचं ठरवलंत. काय करायला हवं होतं त्यानं?"

वडील गेले तेव्हा मार्नी शाळेत होती. त्या डॉक्टरचा चेहरा तिला आठवत नव्हता, आठवत होता फक्त हात.

"बसायला हवं होतं, सर. दोन मिनिटं तरी, माझ्या आईजवळ."



डॉक्टरांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "लेलंड नाव होतं तुमच्या वडिलांचं. तो डॉक्टर मीच."