मयताचं रजिस्टर

दवाखान्याच्या दारातच कुणीतरी हगून ठेवलं होतं. गोरक्षनं पँट वर ओढली, त्यावरून ढांग टाकली आणि नाकाला रुमाल लावला. पुढं चाललेला राजस मागं न बघताच म्हणाला, "सांभाळून ये भाऊ. इथलं सगळं ओरिजिनल आहे."

ओरिजिनल! साखर कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली. तेव्हापासून कारखान्याचा हा दवाखाना आसपासच्यांनी वापरायला घेतला होता, आणि कशासाठी, ते नाकाला कळत होतं. खिडक्या चौकटींसकट उपटून नेलेल्या. भिंतींवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, कोपऱ्यात बाटल्या, खाटांवर कबुतरांची वीतभर घाण. पाण्याच्या टाकीत कुत्र्याचं पिल्लू मरून फुगलं होतं आणि राजसनं बहिणीला तेही वाकून, मोबाईलवर नीट जवळून घ्यायला लावलं.

हा राजस नगरचा. पडक्या इमारतींतून फिरायचा आणि तिथली भुतं लोकांना दाखवायचा. मोबाईल धरायला बहीण, देवश्री. या दवाखान्याचा व्हिडिओ चार लाख लोकांनी बघितला होता, त्यातला एक गोरक्ष. पाथर्डीकडच्या आपल्या गावात बसून बघत होता. एका रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर साल दिसलं आणि पुढचं न बघताच तो ताडकन उठला. त्याच्याच जन्माचं साल. आई ऊसतोडीला आलेली असताना तो याच दवाखान्यात झाला होता, म्हणून राजसला गाठून आज इथं आला होता.

शाळेत घालताना गुरुजींनी त्याची जन्मतारीख एक जून ठोकून दिली होती, तीही आदल्या वर्षाची, पोरगं लवकर वर्गात बसावं म्हणून. त्या तारखेनं पोलीस भरतीचं वय उलटून गेलं होतं. खऱ्या तारखेनं अजून एक भरती हातात होती. पण तोडणीच्या घाईत ती तारीख पुढं कुणी कुठं कळवलीच नव्हती. ती होती फक्त त्या रजिस्टरात.

"कुठल्या खोलीत हाय?" गोरक्षनं विचारलं.

"येईल, येईल. आधी जरा घाबरत घाबरत चाल ना. देवश्री, घेतेयस ना?"

"मी कशाला भिऊ? मी हितंच झालोय."

बाळंतपणाच्या खोलीत लोखंडी टेबल तेवढं उरलं होतं, जड म्हणून कुणी नेलं नसावं. त्यावर काळी बाहुली, कुंकू आणि पाच सुकलेली लिंबं.

"हे कुनी ठिवलं?"

"मीच," राजस हसून म्हणाला. "डझनावारी आणतो. प्रत्येक लोकेशनला लागतातच."

दारातल्या घाणीपेक्षा गोरक्षला याचीच जास्त किळस आली. याच टेबलावर आई कळा देत पडली होती, आणि त्यावर या माणसानं बाजारातली बाहुली मांडली होती. लाज कशी वाटत नाही म्हणावं! गोरक्षनं हातानं सगळं खाली लोटून दिलं. राजस "अरे अरे" करत लिंबांमागं धावला.

रजिस्टर टेबलाखाली होतं. गोरक्ष उकिडवा बसला आणि त्यानं ते उघडलं. पानं लाल रंगानं एकमेकांना चिकटून त्यांचा पार लगदा झाला होता. सुकला होता, पण लगदाच. त्यानं नखानं एकेक सोडवायला घेतलं, तर जानेवारी महिना तुकड्यातुकड्यांनी हातात आला.

तेवढ्यात फोन वाजला. आई होती, उसाच्या फडातून.

"घावलं का रं?"

"थांब आये, बघतोय." न कापताच त्यानं फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. "ह्यो रंग कसला?"

"ऑइलपेंट. रक्त दाखवायचं होतं," राजस म्हणाला. "मयताचं रजिस्टर म्हणून दाखवलं ना आपण."

"वर जन्म लिवलंय की. येवढ्या मोठ्या अक्षरात."

"हो, पण जन्माचं रजिस्टर कोण बघतं?"

गोरक्ष पुन्हा नखानं पानं सोडवू लागला. देवश्रीनं मोबाईल चाळत हळूच सांगितलं, "दादा, रंग टाकायच्या आधी आपण एक पान दाखवलं होतं. थांब, काढते."

आणि निघालं की पान! निळ्या शाईत, स्वच्छ. चौदा जानेवारी, पहाटे पाच, मुलगा. आईचं नाव मनकर्णा सहादेव, त्याच्यापुढं गाव. गोरक्ष मोबाईलवर वाकला. मग त्या नावावर राजसचं बोट आलं आणि मागून त्याचा कापरा आवाज: "ही मनकर्णा. बाळंतपणात इथंच गेली बिचारी. आजही हिचं रडणं ऐकू येतं." खाली हजारो लोकांनी हात जोडले होते.

"कोन गेली म्हनतंय रं?" मांडीवरचा फोन बोलला. "माझं नाव का घ्येतंय त्यो?"

"कुनी न्हाई आये. ठिव तू." त्यानं फोन कापला.

"चला, प्रूफ तर मिळालं!" देवश्रीला पुन्हा शूटिंग सुरू करायला सांगून राजसनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

गोरक्ष उभा राहिला. हाताला लाल चुरा लागला होता तो त्यानं शर्टालाच पुसला.

"ह्ये घिऊन तहसीलला गेलो तर सायेब म्हनंल, बाई तर मेल्याली हाय. तू माझ्यासंगं चल. येवढंच सांग, बाई जित्ती हाय, रंग मी वतला आन् बोललो ते खोटं हुतं. सही कर. बास."

"सही?" राजस मागं सरकला. देवश्रीकडं बघून त्यानं शूटिंग बंद करायची खूण केली आणि आवाज खाली आणला.

"असं लिहून कसं देणार भाऊ? चार लाख लोकांचा विश्वास आहे माझ्यावर."