यंत्र गप्प आहे

आमच्या घाटात नेटवर्क नाही, म्हणून प्रत्येक गाडीत एक यंत्र बसवलंय. दोन गाड्या समोरासमोर आल्या की यंत्रं एकमेकांना मेसेज देतात आणि गावचे निरोप गाडीगाडीने खाली पोहोचतात. यंत्र गप्प म्हणजे घरी सगळं ठीक, असं आम्ही धरून चालतो.

आजारी वडिलांचं औषध खालच्या श्कोडर शहरातून घेऊन मी वर गावी निघालो होतो. यंत्र दोन दिवस गप्प होतं, म्हणून निवांत घाटाखाली कॉफीला थांबलो.

"यंत्र बोलत नाही म्हणून म्हातारा बरा?" कॉफीवाला झेफ म्हणाला. "प्रेन, माझी बायको चार दिवस बोलत नाहीये. माझ्याकडे सगळं ठीक आहे का?"

"काही असतं तर बहिणीने कळवलं असतं, झेफकाका. अजून एक द्या."

वरच्या वळणावर समोरून, खालच्या दफनभूमीकडे शवपेटी घेऊन जाणारा एक ट्रक आला. रिवाजाप्रमाणे मी इंजिन बंद केलं, टोपी काढली. ट्रक शेजारून जाताना यंत्र वाजलं. बहिणीचा परवाचा मेसेज होता: "बाबांना धाप लागलीये. औषध घेऊन लगेच निघ."



दोन दिवसांत आमच्या गावातून खाली उतरलेली ती पहिलीच गाडी होती.