टेकडीवरची पेटी

चर्चच्या पत्र्यावर चढून नमन पेटीचे स्क्रू काढत होता. नवापुरात त्याचं मोबाइलचं दुकान, आणि या पाड्यांतल्या सगळ्या पेट्या त्यानेच बसवलेल्या. खाली ग्रेसी उभी होती, गावची आशा कार्यकर्ती. पेटी बसवली तेव्हा शिडी तिनेच धरली होती. आज तिने हात लावला नाही.

"वरच्या पाड्यावर शांतीबाईचे दिवस भरलेत," ती म्हणाली. "तिचं होईपर्यंत तरी थांब."

"मी काय मालक आहे का, ताई? पेट्या देणाऱ्या संस्थेने सांगितलं, आजच्या आज सगळ्या काढून आणा. टेकडीवरची सकाळीच काढली."

या डोंगरात मोबाइलला रेंज नाही. वरच्या पाड्यावरून फोनवर बटण दाबलं की निरोप टेकडीवरची पेटी ऐकायची, ती चर्चवरच्या पेटीला सांगायची, ती पुढच्या पेटीला, असा तो रस्त्यापर्यंत पोचायचा आणि ॲम्ब्युलन्स निघायची. पेट्यांनी एकमेकींशी कसं बोलायचं याचे नियम खुले होते, कोणीही फुकट वापरावेत म्हणूनच ठरवलेले. ते ठरवायला मोठमोठ्या कंपन्या एकत्र बसल्या होत्या. त्यांतली एक परदेशी कंपनी तेव्हा मूग गिळून बसली. गावोगाव पेट्या लागल्यावर तिला कंठ फुटला. म्हणे, ऐकलेला निरोप पुढे पाठवायची ही पद्धत आमची, आमच्याकडे पेटंट आहे, पैसे टाका नाहीतर बंद करा.

"आपल्या देशात त्यांचं पेटंट चालतं तरी का?" ग्रेसीने विचारलं.

"ते कोर्ट ठरवणार. तिथे उभं राहायची संस्थेची ऐपत कुठाय?"

"म्हणजे खरं-खोटं व्हायच्या आधीच तुम्ही लोकांनी हातपाय गाळले."

नमनने शेवटचा स्क्रू काढला. तो वाईट माणूस नव्हता. असली कामं वाईट नसलेल्या माणसांकडूनच करून घेतात, आणि ग्रेसीला त्याचाच जास्त संताप येत होता. शांतीबाईचं पहिलं मूल दवाखान्याच्या वाटेवर झोळीतच गेलं होतं. तेव्हा पेट्या नव्हत्या. आता असून नव्हत्या.

नमनने पेटी खाली आणली आणि आपल्या पिकअपमध्ये आधी काढलेल्या पेट्यांवर ठेवली. तेवढ्यात चर्चच्या पायरीवर बसलेली म्हातारी धनीबाई उठून उभी राहिली.

"गप ऱ्हा," ती म्हणाली.

समोरच्या टेकडीवरून कोणीतरी हाक देत होतं. लांब ओढलेली, थांबून थांबून. पूर्वी मयताची, आगीची खबर अशीच एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायची. पेट्या आल्यापासून कोणी घसा फोडला नव्हता.

धनीबाईने तोंडाभोवती हात धरून उलट विचारलं. थोड्या वेळाने उत्तर आलं.

"शांतीले कळा येई ऱ्हायन्यात," ती ग्रेसीला म्हणाली. "सकाळपासून. बटन दाबी दाबी थकनी ती."

नमनने मान खाली घातली. ग्रेसीने पिकअपचा मागचा फाळका पाडला आणि आतली एकेक पेटी उचलून रस्त्यावर फेकायला सुरुवात केली.

"ताई, अहो, त्या मोजून द्यायच्यात मला."

"मोज नंतर. आधी गाडी काढ."

चर्चमधली सतरंजी आणून तिने रिकाम्या हौद्यात अंथरली आणि पुढे येऊन बसली. नमनने गाडी सुरू केली.

धनीबाई टेकडीकडे तोंड करून ओरडली, की गाडी निघाली. टेकडीवरच्या माणसाने ते ऐकलं आणि वरच्या पाड्याकडे तोंड करून पुढे दिलं. पलीकडून कोणीतरी ते उचललं. मग धनीबाई नमनच्या खिडकीपाशी आली.

"भाऊ, ऐकेल निरोप पुढे सांगनं," तिने विचारलं, "हाई बी त्या कंपनीनं शे का?"

नमनने गाडी वळवली. वाटेत एक पेटी आडवी पडली होती. त्याने ती चुकवली नाही.