जिन्यातच थांबलेले रुग्णालय

पडद्यावर आतून फिरवून दाखवले जाणारे नियोजित रुग्णालय जिन्याच्या मधोमध थिजले. विश्वस्तांसमोर वास्तुरचनाकार यमुताई गद्रे खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या.

नवे संगणक घेताना फर्ममध्येच काम करणाऱ्या सून मुक्ताने त्रिमित दृश्ये पेलणारे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड मागितले होते. ताईंनी साधे नकाशे उघडून पाहिले. ते झरझर सरकले. “प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहेच की. एका हत्तीवर दोन अंबाऱ्या कशाला?” त्यांनी विषय मिटवला. नकाशे आजही झरझर सरकले. पण ऊन, काचा, झाडांसकट इमारतीतून फिरवताना यंत्राने मान टाकली.

“बाई, पेशंट वर न्यायचा कसा?” अध्यक्ष हसले. “दुसऱ्या फर्मनं आम्हाला गच्चीपर्यंत फिरवून आणलं.”

घरादाराला एका शब्दावर हलवणाऱ्या ताईंना त्या पडद्यापुढे काही करता येईना.

“मशीन मीच निवडलं होतं,” मुक्ता हळूच म्हणाली. “चूक माझी.”

ताई बोलायला सरसावल्या आणि पुन्हा खुर्चीत मागे टेकल्या.

“नवी आहे, शिकेल,” अध्यक्ष उठत ताईंना म्हणाले. “तुम्ही तिला सांभाळून घ्या. काम मात्र आम्ही तिकडेच देतो.”

ताईंची मान होकारार्थी हलली.